लक्ष्मीच्या कपाळावरचं कुंकू: आर्ट कन्झर्व्हेशनच्या एमएमधलं एक प्रकरण

प्रकरण असं आहे. आर्ट कन्झर्व्हेशनच्या एमएला आम्हाला तिसऱ्या सेमिस्टरमध्ये प्रत्येकाला एक खरी वस्तू घेऊन तिच्यावर शेवटपर्यंत काम करायचं होतं, म्हणजे तपासणी, टेस्टिंग, प्रस्ताव, प्रत्यक्ष ट्रीटमेंट, रिपोर्ट आणि मग बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोर तोंडी परीक्षा. बॅचमधल्या एका मुलीने त्यासाठी रवि वर्मा प्रेसचं लक्ष्मीचं छापील चित्र आणलं. तिच्या आत्याच्या सासरचं, वाईच्या जुन्या घरात देव्हाऱ्याच्या वर टांगलेलं. चित्र आत्याच्या सासूबाईंचं, त्यांना सगळेच माई म्हणतात, वय ऐंशीच्या पुढे. मुलगी पुण्याची, बीएस्सी केमिस्ट्री करून आलेली. मी फाइन आर्टवाला, तिच्या शेजारच्या टेबलावर. तिची आणि घरच्यांची परवानगी घेऊनच लिहितोय, नावं कोणाचीच देत नाहीये.

आधी या कोर्सबद्दल दोन शब्द, कारण "कन्झर्व्हेशन म्हणजे झाडं लावणं का" हे विचारणारे अजूनही भेटतात. इथे चित्रं, कागद, कापड, धातू, दगड, लाकूड अशा जुन्या वस्तू खराब का होतात आणि त्यांचं काय करायचं हे शिकवतात. त्यात सॉल्व्हंट, पॉलिमर, गंज, बुरशी, आर्द्रता हे सगळं सायन्स आलं, कलेचा इतिहास आला, आणि हाताचं काम आलं. परदेशात हे बरंच आधी सुरू झालं. बर्लिनच्या म्युझियममध्ये १८८८ ला राटगेन नावाचा केमिस्ट नेमला गेला. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश म्युझियमच्या वस्तू लंडनच्या भुयारी रेल्वेत लपवल्या होत्या, त्या बाहेर काढल्या तर गंजलेल्या, क्षार फुटलेल्या निघाल्या आणि मग तिथे लॅब आली. हार्वर्डच्या फॉग म्युझियमवाल्यांनी तर तीन पायांच्या स्टुलाची उपमाच करून ठेवलीय, कलेचा इतिहास, स्टुडिओ आणि सायन्स, एक पाय काढला की स्टूल आडवं. आपल्याकडे लखनौची सरकारी प्रयोगशाळा १९७६ ची, दिल्लीत राष्ट्रीय संग्रहालयाच्या संस्थेत १९८९ मध्ये शिक्षण सुरू झालं, आणि मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं स्वतःचं कन्झर्व्हेशन सेंटर आहे. आमची संस्था कोणती ते इथे महत्त्वाचं नाही.

वर्गात मात्र स्टुलाचे तीन पाय सारखे नसतात. सायन्सवाल्यांना रंग जुळवायचा तास नको होतो आणि आम्हाला ऑरगॅनिक केमिस्ट्री. रंग जुळवणं म्हणजे काय तर चित्रात जिथे रंग उडालाय तिथे वॉटरकलरने बारीक उभ्या रेषा मारत भरायचं, रोमच्या संस्थेतून आलेली पद्धत, लांबून बघणाऱ्याला खड्डा दिसता कामा नये पण नाकाला नाक लावून बघितलं तर हे नवीन आहे हे कळलं पाहिजे. आमच्या केमिस्ट्रीवालीची पहिल्या सेमिस्टरची रेषा म्हणजे पावसाळ्यातली विजेची तार. उलट मी सॉल्व्हंटचा त्रिकोण बघून घाबरायचो, कुठला द्रव कुठल्या कोपऱ्यात बसतो आणि त्याने कुठली राळ विरघळते, हे तिने मला चहाच्या टपरीवर पेपर नॅपकिनवर काढून काढून शिकवलं. असो.

आता चित्र. रवि वर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, नंतर १८९९ च्या सुमारास तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला आणि पुढे फ्रिट्झ श्लायशर नावाच्या जर्मन माणसाला विकला. या छापखान्यातून निघालेल्या लक्ष्मी, सरस्वती घराघरांत गेल्या. ज्यांना देवळात प्रवेश नव्हता त्यांच्याही भिंतीवर देव आला, हे एकट्या या छापखान्यामुळे नसेल पण याचा वाटा मोठा आहे. आपल्या चित्राच्या फ्रेमखाली दुमडलेल्या समासात बारीक अक्षरात रवि वर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा असं छापलेलं निघालं, म्हणजे मुंबईच्या नव्हे तर मळवलीच्या काळातलं, पण तीच तीच चित्रं पुढे कित्येक वर्षं छापली जात होती त्यामुळे नेमकं साल सांगता येत नाही. घरचे मात्र १८९० च म्हणत होते. जुन्या वस्तूचं वय घरी नेहमी थोडं जास्तच असतं.

भिंगाखाली बघितलं तर चेहऱ्यावर आणि दंडांवर बारीक ठिपके, पण आजच्या ऑफसेटसारखे ओळीत बसलेले नाहीत, हाताने मारलेले, कुठे दाट कुठे विरळ. प्रत्येक रंगाला वेगळा दगड असायचा, कारागीर त्या दगडावर उलटं चित्र काढायचा आणि मग एकावर एक छापून चित्र तयार. वर वॉर्निश, म्हणजे तैलचित्रासारखी चकाकी यावी म्हणून. ते वॉर्निश आता चहाच्या रंगाचं झालेलं. मागे लाकडी फळ्या, आणि दोन फळ्यांच्या फटीतून जी हवा, धूळ आणि लाकडाची आम्लं वर्षानुवर्षं कागदाकडे गेली त्यांनी कागदावर दोन उभे तपकिरी पट्टे उठवले होते. कसरीने खालचा कोपरा खाल्लेला. काच केव्हातरी फुटली आणि परत बसवलीच नाही, त्यामुळे समईची काजळी आणि उदबत्तीचा धूर थेट चित्रावर. आणि काच नाही म्हटल्यावर माईंच्या सासूबाईंपासून सगळ्यांनी हळद-कुंकू थेट देवीलाच लावलेलं. कपाळावर कुंकवाचा जवळजवळ मिलिमीटरभर जाड थर, पावलांवर हळद, हत्तीच्या सोंडेवर सुद्धा एक बोट. का ते कोणाला माहीत नाही.

तिने आधी केलं ते बघणं. अंधाऱ्या खोलीत यूव्ही दिवा लावला. जुन्या राळेचं वॉर्निश यूव्हीखाली हिरवट चमकतं, ते चमकलंच, पण पावलांपाशी जे झालं ते बघून आम्ही दोघंही गप्प. साध्या प्रकाशात हळद फक्त पावलांवर दिसत होती आणि यूव्हीखाली कमळाच्या पाकळ्या, पाणी, खालचा समास, सगळीकडे पिवळं झगझगीत, म्हणजे हळदीतलं कर्क्युमिन किती दूर पसरलं होतं ते पहिल्यांदा कळलं. मग कुंकवाचे दोन कण सुईच्या टोकावर घेतले, एक वरच्या थरातला, एक अगदी तळचा. वरच्या कणाला पाण्याचा थेंब दिला तर गुलाबी रंग सुटला, आम्लाने काही बदल नाही, म्हणजे बाजारातलं रंग घातलेलं कुंकू. खालच्या कणाने पाण्यात काही सोडलं नाही पण सौम्य आम्लाचा थेंब पडताच लाल रंग जाऊन पिवळा झाला, म्हणजे हळदीला चुना किंवा असलंच काही अल्कली लावून केलेलं जुन्या पद्धतीचं कुंकू. एका कपाळावर घरातल्या कुंकवाचा पूर्ण बदल दिसत होता. तिला झालेला आनंद मी सांगू शकत नाही, दिवसभर येईल त्याला ते दोन कण दाखवत होती.

आणि तरी तिचा पहिला प्रस्ताव होता सगळं साफ करायचं. वॉर्निश काढायचं, त्याबरोबर वरची हळद-कुंकू जाईल, मग कागद धुवायचा, चुन्याच्या पाण्याने आम्ल मारायचं (कागदाचा पीएच पाचच्या खाली होता, एवढा आम्लधर्मी कागद आपोआप ठिसूळ होत जातो), पाठीला जपानी कागद, नवीन वॉर्निश. अगदी पुस्तकातलं. स्वॅब टेस्टमध्ये इथेनॉलने वॉर्निश सुरेख निघत होतं, कापसावर चॉकलेटी डाग आणि खाली झगझगीत निळी-गुलाबी लक्ष्मी, बघून मोह होणारच. गाइड बाईंनी प्रस्ताव परत पाठवला आणि समासात दोनच शब्द लिहिले: "हळदीचं काय?"

तिने तो केमिस्ट्रीचा प्रश्न समजून घेतला, आणि केमिस्ट्रीचा होताच. जुना वाटणारा कागद घेऊन तिने त्यावर हळद लावली, ओव्हनमध्ये ठेवून म्हातारा केला आणि टेस्ट केल्या. चुन्याचं पाणी लागताच पिवळे डाग विटकरी लाल. म्हणजे तिने जर चित्र तसं धुतलं असतं तर लक्ष्मीच्या पायाखालचं सगळं पाणी लाल झालं असतं. दुसऱ्या तुकड्यावर इथेनॉल, तर हळद विरघळून थेट कागदाच्या पाठीपर्यंत गेली, वरची पुसली गेली आणि आतली कायमची बसली. म्हणजे वॉर्निश काढायला जे सॉल्व्हंट लागतं तेच हळदीला आत ढकलतं, आणि कागद वाचवायला जे अल्कली लागतं तेच हळदीला लाल करतं. दोन्ही दरवाजे बंद. ही गोष्ट कोणत्याही पुस्तकात तिला आयती मिळाली नव्हती, परदेशी पुस्तकात तर ओलिओग्राफला, म्हणजे असल्या वॉर्निश दिलेल्या छापील चित्राला, हळद लागलेली असते हेच गृहीत नाही.

पण इथे एक मेख आहे. हळदीने वाट अडवली तरी कपाळावरचा कुंकवाचा खडा सुका होता, तो वॉर्निशच्या वर बसलेला, स्काल्पेलने मायक्रोस्कोपखाली कणाकणाने काढता आला असता. कसलंही सॉल्व्हंट न लावता. म्हणजे केमिस्ट्रीने तिथे नाही म्हटलं नव्हतं. तिथे काढायचं की ठेवायचं हे कुणीतरी ठरवायला हवं होतं.

माईंना फोन लावला. स्पीकरवर होता म्हणून मी ऐकलं. "अगं, सवाष्णीचं कुंकू पुसतात का कधी? चित्र धू, पूस, मागच्या फळ्या बदल, काय करायचं ते कर. कपाळाला हात लावायचा नाही." आत्याने मागून सांगायचा प्रयत्न केला की आई, तसं नाही, ती फक्त स्वच्छ करतेय, तर माई म्हणाल्या, "मला कळतंय ती काय करतेय ते, म्हणूनच सांगतेय."

बाहेरून वाटेल की आता सायन्सवाली काढायच्या बाजूने आणि आर्टवाला ठेवायच्या बाजूने. उलटं झालं. कुंकू काढावं असं मला वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर अजूनही थोडं वाटतं. त्या थराखाली डाव्या भुवईची रेषा आणि डोळ्याच्या वरची कड गेलीय, आणि दगडावर ठिपका ठिपका करून चेहरा उभा करणाऱ्या त्या अनाम कारागिराचं सगळ्यात अवघड काम तिथेच होतं. रवि वर्म्यांचं नाव सगळे घेतात, दगडावर बसणाऱ्याचं कोणी घेत नाही, आणि त्याच्या हातावर आपण कुंकू थापून ठेवायचं? ती म्हणाली, "अरे पण हे कुंकू म्हणजे पुरावा आहे ना, खाली हळदीचं, वर बाजारातलं, मध्ये अजून कितीतरी थर असतील जे आज आपल्याला मोजता येत नाहीत. खरवडलं की संपलं, परत कोणीच तपासू शकणार नाही." म्हणजे बघा, श्रद्धेच्या बाजूने ती बोललीच नाही, सॅम्पल जपायचं म्हणून बोलली. आणि निष्कर्ष माईंचाच.

याच टप्प्यावर आमच्या सरांनी अजिंठ्याचा विषय काढला, तो आम्हाला पहिल्या सेमिस्टरपासून शिकवला जातो. १९२० च्या सुमारास निजामाच्या सरकारने इटलीहून तज्ज्ञ आणले, चेकोनी आणि ओर्सिनी, त्यांनी सुटू लागलेला रंग आणि गिलावा पक्का केला आणि चित्रांवर शेलॅकचं वॉर्निश दिलं. त्या वेळी रंग उजळले. पुढे तेच शेलॅक पिवळं-तपकिरी पडलं, त्यात धूळ बसली, आणि पुरातत्त्व खात्याच्या रसायनशास्त्र्यांची पुढची कित्येक दशकं ते काढण्यात गेली. सरांचा मुद्दा सगळ्यांना पाठ आहे की जे परत काढता येत नाही ते लावू नका. ती म्हणाली की मग जे परत लावता येत नाही ते काढायचं पण नाही. सर काही बोलले नाहीत, पुढच्या स्लाइडला गेले.

शेवटी जो प्रस्ताव मंजूर झाला तो असा. वॉर्निश ठेवायचं. कुंकू ठेवायचं, उलट सुटू लागलेल्या कडांना ब्रशच्या टोकाने अगदी पातळ चिकट द्रव देऊन बसवायचं. काजळी मात्र काढायची, कारण ती तेलकट असते, ओल धरते आणि तिच्यावर कोणाचाच जीव जडलेला नाही. पहिल्यांदा कोरड्या रबरी स्पंजने, चोळायचं नाही, फक्त टेकवून उचलायचं. एक स्पंज काळा झाला की त्याचा पापुद्रा कापून नवीन बाजू. मग जिथे चिकटून बसलेली काजळी होती तिथे स्वॅब जेमतेम ओला करून, आणि पाण्याचा पीएच हळदीला चालेल असा किंचित आम्लाकडे ठेवून. आता इथे एक गंमत. तैलचित्रं साफ करायला जगभर थुंकी वापरतात, गंभीरपणे सांगतोय, लाळेतलं एन्झाइम आणि किंचितसा ओलावा या कामाला फार चांगला, मोठमोठ्या म्युझियममध्ये सर्रास चालतं. लॅबमधल्या एका परदेशी पाहुण्याने सहज सुचवलं सुद्धा. देवीच्या चित्राला उष्टं? ती नुसती हसली आणि काजळी सोडवणाऱ्या सिट्रेट क्षाराची बाटली पुढे ओढली.

पाठीमागचं काम सगळ्यात वेळखाऊ होतं. फळ्या सुटल्या पण कोणे एके काळी कोणीतरी चित्र सरसाने पुठ्ठ्यावर चिकटवलेलं होतं. पाण्यात बुडवता येत नाही, तर मिथाइल सेल्युलोजची जेली तळहाताएवढ्या भागावर थापायची, वर प्लास्टिकचा कागद, सरस मऊ पडायला लागला की स्पॅचुलाने पुठ्ठ्याचा एक पापुद्रा काढायचा, ओल पुढपर्यंत गेली नाही ना हे बघायचं, मग शेजारचा चौकोन. पुढच्या बाजूची हळद हलली तर लगेच थांबायचं असं ठरलेलं. एकदा समासापाशी किंचित पिवळी कड सरकली, तिने जेली अजून घट्ट केली आणि चौकोन लहान केले. मी त्या काळात तिच्या टेबलावर कायम ब्लॉटिंग पेपरचे तुकडे आणि थंड चहा बघितलाय. फाटलेल्या जागी जपानी कागदाचे धागे आणि गव्हाच्या स्टार्चची खळ, गाळून गाळून गुळगुळीत केलेली. कसरीने खाल्लेल्या कोपऱ्यात नवा कागद बसवून त्यावर रंग भरला, त्याच उभ्या रेषांनी, आणि या वेळी तिची तार सरळ होती हे मी इथे नोंदवून ठेवतो. आम्ल मारायचं काम केलंच नाही. मागे बोर्ड दिला तो सुद्धा न्यूट्रल, बफर नसलेला, एरवी कागदाला आम्ही खडू मिसळलेला अल्कलाइन बोर्ड डोळे झाकून देतो पण इथे हळद होती. तपकिरी पट्टे जसेच्या तसे राहिले.

फ्रेम मात्र नवीन. काच यूव्ही अडवणारी, कारण हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही, आणि काच चित्राला टेकू नये म्हणून मध्ये पट्टी. माईंशी करार असा झाला की यापुढे कुंकू काचेवर. मार्गशीर्षातल्या गुरुवारी पण काचेवरच. काच पुसली तर चालेल का असं तिने विचारलं, माई म्हणाल्या काच ती काच, पूस की. यात तर्क शोधायला गेलो तर सापडतो पण त्यासाठी धर्मशास्त्राचा एमए लागेल.

तोंडी परीक्षेला दोन परीक्षक, एक केमिस्ट आणि एक म्युझियममध्ये आयुष्य काढलेल्या बाई. केमिस्ट सरांनी तिला चांगलंच धारेवर धरलं. पीएच पाचच्या खाली असलेला कागद तुम्ही तसाच सोडलात, तुम्हाला माहितीये हा कागद हळूहळू मरणार, मग ट्रीटमेंट कसली केली? तिने ओव्हनमधले लाल झालेले तुकडे टेबलावर ठेवले. ते म्हणाले हळद नसलेल्या वरच्या अर्ध्या भागाचं तरी आम्ल मारता आलं असतं, पाणी न वापरता मॅग्नेशियम ऑक्साइडचे कण फवारून. ती म्हणाली हो, विचार केला होता, पण यूव्हीमध्ये कर्क्युमिन कुठे संपतं ती कड स्पष्ट नव्हती आणि वाईच्या पावसाळ्यात ओल आली की अल्कली कुठवर सरकेल याची मला खात्री देता येईना. सरांचं समाधान झालं नाही. माझ्या मते त्यांचा मुद्दा बिनतोड नव्हता पण फालतूही नव्हता, वरच्या भागात आकाश आहे, तिथे छोटी टेस्ट करून बघायला हरकत नव्हती. दुसऱ्या बाईंनी एकच विचारलं, की घरच्यांनी कुंकू काढा म्हटलं असतं तर काढलं असतं का? ती बराच वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "फोटो, नकाशा, सॅम्पल सगळं ठेवून काढलं असतं, पण माझ्या रिपोर्टमध्ये मला ते पटलं नाही असं लिहिलं असतं." मार्क चांगले पडले, वर्गात पहिले नाही. पहिला नंबर एका कांस्य मूर्तीवाल्याला, त्याचा गंज बिचारा कोणाच्या सासूबाईंना विचारत नव्हता.

ज्यांना हा कोर्स करायचाय त्यांच्यासाठी एवढंच की बारावीला केमिस्ट्री असेल तर पुढे खूप त्रास वाचतो, आणि सायन्सवाल्यांनी प्रवेशाच्या आधीच रोज अर्धा तास ड्रॉइंग सुरू करावं, एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिल्या होत्या म्हणून निर्धास्त राहू नये. नोकऱ्या थोड्या आहेत, बऱ्याच कॉन्ट्रॅक्टवर, सुरुवातीला पगार सांगायची लाज वाटावी असा. हे घरी आधीच स्पष्ट सांगून ठेवलेलं बरं.

ती आता एका खाजगी स्टुडिओत कागदावरची कामं करते. वाईचं चित्र पावसाळ्यानंतर तपासून आली, फ्रेममधल्या आर्द्रतेच्या कार्डाचा रंग बदललेला होता म्हणून मागची टेप नवीन लावली आणि चित्र बाहेरच्या ओल्या भिंतीवरून काढून आतल्या भिंतीवर हलवायला सांगितलं. माई म्हणाल्या देव्हारा हलत नाही. तर आता फ्रेमच्या मागे बुचाचे तुकडे लावून भिंतीपासून बोटभर अंतर ठेवलंय, आणि पुढच्या पावसाळ्यात परत बघायचं ठरलंय.